यादी फिनलंडची, वेळापत्रक सूर्याचं

एका सत्रासाठी फिनलंडला निघालेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या याद्या बऱ्याचशा सारख्या असतात. ध्रुवीय प्रकाश पाहायचा, सौनात बसायचं, गोठलेल्या समुद्रावर चालायचं, बर्फात पाडलेल्या भोकातून थंड पाण्यात उतरायचं, मध्यरात्रीचा सूर्य बघायचा. परतल्यावरच्या हकिगती मात्र सारख्या नसतात. ऑगस्टच्या शेवटी गेलेला मुलगा डिसेंबरात येतो आणि करड्या, ओल्या, दुपारीच अंधारणाऱ्या हेलसिंकीचं वर्णन करतो. जानेवारीत गेलेली मुलगी मेअखेर येते आणि बर्फावरून परतून डोळे दिपवणाऱ्या उन्हाबद्दल बोलते. शहर तेच, विद्यापीठही तेच. मग दोघांनी पाहिलेला देश इतका वेगळा कसा?

यादीतली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या नैसर्गिक घडामोडीवर अवलंबून आहे आणि त्या प्रत्येकीला आपली वेळ आहे. पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत हे सगळं डिसेंबरातल्या चार दिवसांत एकत्र दिसतं. प्रत्यक्षात डिसेंबर हा यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी अगदी गैरसोयीचा महिना आहे. का, ते समजलं तर पैसेही वाचतात आणि निराशाही टळते.

काळोख किती काळा?

घरच्यांची पहिली काळजी अंधाराची असते, म्हणून सुरुवात तिथूनच करू. पृथ्वीचा अक्ष साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. २१-२२ डिसेंबरला उत्तर गोलार्ध सूर्यापासून जास्तीत जास्त दूर झुकलेला असतो. त्या दिवशी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असेल, हे काढायला सोपं गणित आहे : नव्वदातून तुमच्या गावाचे अक्षांश वजा करा, मग साडेतेवीस वजा करा. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, म्हणजे उत्तर ४८ अंश. हेलसिंकीचे अक्षांश साठाहून किंचित जास्त, म्हणजे उत्तर जेमतेम साडेसहा अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. हेलसिंकीतला डिसेंबरचा सूर्य माध्यान्हीलाही त्या मुठीइतका वर येत नाही. माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास नऊपट पडते. त्या दिवशी सूर्य सकाळी साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या आतच मावळतो.

अगदी उत्तरेच्या टोकाला उत्सयोकी आहे, सत्तर अंशांच्या जवळ. तिथे हेच गणित केलं तर उत्तर शून्याच्या खाली जातं. म्हणजे सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि असे सुमारे पन्नास दिवस जातात. पण तो क्षितिजाच्या फक्त तीन-साडेतीन अंश खाली असतो, त्यामुळे दुपारी काही तास चांगलाच संधिप्रकाश पसरतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा खाली जातो, म्हणून मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. उत्तरेत तो तिरका, क्षितिजाला घासत उतरतो. डिसेंबरातल्या हेलसिंकीत सूर्यास्तानंतर जवळपास तासभर वाचण्याइतका उजेड रेंगाळतो. या वेळी सूर्यकिरण वातावरणातल्या ओझोनच्या थरातून फार लांबचा तिरका प्रवास करून येतात. ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो आणि निळा उरतो. खाली बर्फ असेल तर तो निळा रंग जमिनीवरूनही परततो. माझ्या मते यादीत नसलेली, पण असायलाच हवी अशी ही गोष्ट आहे.

खरा त्रास डिसेंबरच्या काळोखापेक्षा नोव्हेंबरच्या ढगांचा होतो. हेलसिंकीत नोव्हेंबरभरात सरासरी चाळीस तासही ऊन पडत नाही, मार्चमध्ये मात्र १३० तासांच्या आसपास पडतं. यामागे दिवस लहान असणं हे कारण आहेच, पण दुसरंही एक आहे. शरदात समुद्र आणि तळी अजून उघडी असतात आणि हवेपेक्षा उबदार असतात. त्यांच्यावरून सतत बाष्प वर जातं आणि खाली लटकणारे ढग बनतात. पाण्यावर बर्फाचं झाकण बसलं की हा पुरवठा घटतो. हिवाळ्याच्या उत्तरार्धात आकाश मोकळं होण्याला याचा मोठा हातभार लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, ध्रुवीय प्रकाशाकडे जाताना तो पुन्हा लागेल.

शरीरालाही हा बदल जाणवतो. डोळ्यांत सकाळचा उजेड शिरला की मेंदू झोप आणणारं मेलॅटोनिन कमी करतो. सकाळी आठच्या तासाला अंधारातच जावं लागलं तर शरीराचं घड्याळ मागे पडत राहतं. म्हणून तिथे अनेक जण न्याहारीच्या वेळी टेबलावर प्रखर दिवा लावून बसतात. दुसरा प्रश्न ड जीवनसत्त्वाचा. ते त्वचेत तयार करणारे अतिनील किरण, सूर्य इतका खाली असताना, ओझोनमध्येच अडतात. साधारण ऑक्टोबर ते मार्च फिनलंडमधलं ऊन या कामासाठी निरुपयोगी असतं. फिनलंडमध्ये २००३पासून दुधात ड जीवनसत्त्व मिसळलं जातं. आपल्या सावळ्या त्वचेत ते मुळातच सावकाश बनतं, त्यामुळे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून गोळ्यांची सोय करावी.

आणि मध्यरात्रीचा सूर्य? तो हेलसिंकीत दिसत नाही. जूनमध्ये तिथे दिवस एकोणीस तासांचा होतो, रात्रभर संधिप्रकाश असतो, पण सूर्य मावळतोच. उत्सयोकीत मात्र मेच्या मध्यानंतर तो मावळणं थांबवतो. मेअखेर परतणाऱ्याला त्यासाठी शेवटचा आठवडा हाताशी ठेवावा लागेल.

नव्वद अंशांत माणूस भाजत का नाही?

छप्पन्न लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या देशात तीस लाखांहून जास्त सौना आहेत. २०२० साली युनेस्कोने फिनिश सौना-संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. विद्यार्थ्याला यासाठी कुठल्या महागड्या ठिकाणी जायची गरज नाही. विद्यार्थी-निवासांत बहुधा सामायिक सौना असतो आणि आठवड्यातली ठरावीक वेळ नाव घालून मिळवता येते. ती वेळ पहिल्याच आठवड्यात मिळवा.

आत तापमान ८० ते १०० अंश सेल्सिअस असतं. इतक्या तापलेल्या पाण्यात बोट बुडवलं तर क्षणात फोड येईल. मग हवेत माणसं गप्पा मारत कशी बसतात? एक तर हवा विरळ असते. घनमीटरभर हवेत मावणारी उष्णता तेवढ्याच पाण्याच्या मानाने नगण्य असते, शिवाय हवा ती दुसऱ्याला द्यायलाही कंजूष असते. अंगालगत थोड्या थंड हवेचा पातळ थर बसतो आणि तो राखणदाराचं काम करतो. दुसरं, आतली हवा कोरडी असते, त्यामुळे घाम भराभर वाळतो आणि वाळताना त्वचेतली उष्णता घेऊन जातो. बसायची फळ्यांची बाकंही लाकडाचीच असतात. लाकूड उष्णता सावकाश सोडतं, म्हणून त्यावर बसता येतं. त्याच खोलीतला लोखंडी खिळा उघडा राहिला असेल तर तो चांगलाच चटका देतो. गळ्यातली साखळी, अंगठी बाहेर काढून ठेवायला सांगतात ते याचसाठी.

मग कोणीतरी शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकतं. चर्र आवाज होतो आणि दोन-तीन सेकंदांत कानांना, खांद्यांना उष्णतेची लाट लागते. या वाफेला फिनिश लोक लोय्ल्यू म्हणतात आणि सौनाचा जीव तीच, असं मानतात. गंमत अशी की पाणी टाकल्यावर खोलीचं तापमान फारसं वाढत नाही. मग गरम का वाटतं? गणपतीत मोदकपात्राचं झाकण उघडताना ज्याच्या मनगटाला वाफ लागली आहे, त्याला उत्तर ठाऊक आहे. पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता तिच्यात साठते. दहावीच्या विज्ञानात आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकतो. ही वाफ तुलनेने थंड अशा त्वचेवर येऊन पुन्हा पाणी बनते, तेव्हा साठवलेली सगळी उष्णता अंगावर रिती करते. वर हवा दमट झाल्यामुळे घाम वाळणंही मंदावतं. सौनात नव्याने गेलेल्याला अंगावरून वाहणारं सगळं पाणी घाम वाटतं. त्यातलं बरंचसं दगडांवरचं असतं.

म्हणूनच सौना किती कडक आहे, हे तापमापीवरून कळत नाही. हेइनोला गावात १९९९पासून सौनात सर्वाधिक वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. ११० अंश तापमान आणि दर अर्ध्या मिनिटाला दगडांवर पाणी. २०१०च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि ती स्पर्धा बंद पडली. सौनाशी चढाओढ करायची नसते. खालच्या बाकावर बसा, कारण गरम हवा वर चढते आणि खाली ती बरीच सौम्य असते. नकोसं वाटलं की उठून बाहेर या, कोणी काही म्हणत नाही. कपड्यांचा संकोच आपल्या मुलांना हमखास वाटतो. स्त्री-पुरुषांच्या वेळा सहसा वेगळ्या असतात, मिश्र सौनात पोहण्याचे कपडे किंवा टॉवेल चालतो, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. बोलणं मात्र होतं. वर्गात दोन शब्दांपलीकडे न जाणारी मुलं इथे मोकळी होतात, हे तिथे राहून आलेले बरेच जण सांगतात.

समुद्र गोठतो कसा?

समुद्राचं पाणी खारट, म्हणून ते सहज गोठू नये. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते उणे १.९ अंशांना गोठतं. बाल्टिक समुद्र मात्र जेमतेम खारट आहे. हेलसिंकीजवळ लिटरमागे पाच-सहा ग्रॅम एवढंच मीठ. असंख्य नद्या त्यात गोडं पाणी आणून ओततात आणि महासागराशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांपुरताच आहे. त्यामुळे तो शून्याच्या किंचितच खाली, उणे ०.३ अंशांच्या आसपास गोठतो.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दहावीच्या पुस्तकात पाण्याचं असंगत आचरण होतं, आठवतं? गोडं पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्याखाली थंड होत गेलं की ते पुन्हा हलकं होतं. तळ्याचं पृष्ठभागावरचं पाणी चार अंशांपर्यंत थंड होताना जड होऊन बुडत राहतं आणि खालचं वर येतं. सगळं तळं चार अंशांवर आलं की ही उलथापालथ थांबते. आता वरचं पाणी आणखी थंड झालं तरी हलकं असल्यामुळे वरच राहतं आणि भराभर गोठतं. तळाशी चार अंशांचं पाणी उरतं, मासे जगतात. महासागराच्या खारट पाण्यात असं होत नाही. ते गोठेपर्यंत जड होतच जातं, म्हणून बुडतच राहतं आणि बर्फ धरायला फार मोठा थर थंड व्हावा लागतो. बाल्टिकचं कमी खारट पाणी या बाबतीत तळ्यासारखं वागतं. ते तीन अंशांच्या आसपास सर्वांत जड असतं आणि पुढची थंडी पृष्ठभागावरच साचते.

तरीही वेळ लागतो. उन्हाळाभर साठलेली उष्णता आधी बाहेर पडावी लागते. हेलसिंकीच्या किनाऱ्यावर चालण्याजोगा बर्फ बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत मिळतो आणि उबदार हिवाळ्यात तोही भरवशाचा नसतो. डिसेंबरात परतणाऱ्याच्या यादीतली ही ओळ रिकामी राहते ती यामुळे.

*चौकट : बर्फावर पाऊल ठेवण्याआधी*
*एकट्या माणसाचं वजन पेलायला किमान पाच सेंटिमीटर घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो. वसंतातला भुसभुशीत, करडा बर्फ तेवढा जाड असला तरी कच्चा असतो. पुलांखाली, ओढ्यांच्या मुखाशी, लव्हाळ्यांच्या बेटांजवळ आणि जहाजांच्या वाटेजवळ बर्फ पातळ असतो. बर्फात पडल्यास धरून वर येण्यासाठी टोकदार खुंट्यांची जोडी गळ्यात अडकवायला मिळते, ती घ्या. एकट्याने जाऊ नका. स्थानिक माणसं जिथे चालत नाहीत, तिथे तुम्हीही चालू नका.*

बर्फातल्या भोकात उतरण्याचं काय? पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. शून्य-एक अंशाच्या पाण्यात उतरताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि श्वास वेगाने चालू लागतो. याला थंडीचा धक्का म्हणतात. तो पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत तीव्र असतो. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असलं तर त्या श्वासाबरोबर पाणी आत जातं. म्हणून उडी मारायची नाही. शिडीने सावकाश उतरायचं, श्वास लांब सोडायचा, मान वर ठेवायची आणि अर्ध्या मिनिटात बाहेर. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या एकदम आक्रसतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने हे करू नये, आणि दारू पिऊन तर कोणीच नाही. बाहेर आल्यावर अंगात जी ऊब आणि तरतरी पसरते, तिच्यामागे थंडीने झपाट्याने वाढलेलं नॉरअॅड्रेनलिन असतं. हे सगळं अर्ध्या-एक मिनिटाचं काम आहे, पण त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं दर आठवड्याला येतात.

हिरवा पडदा

आता यादीतली पहिली ओळ. थंडी पडली की ध्रुवीय प्रकाश दिसतो, असा पक्का समज आहे. थंडीचा आणि त्याचा काही संबंध नाही. तो जमिनीपासून शंभर किलोमीटरहून उंच घडतो, खाली हिमवर्षाव आहे की पानगळ, याचा तिथे पत्ताही नसतो.

सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडतो. सेकंदाला चारशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने तो दोन-चार दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं, पण त्या माऱ्याने स्वतः विस्कटतं. सूर्याकडच्या बाजूला ते दबतं आणि रात्रीच्या बाजूला लांबलचक शेपटीगत ताणलं जातं. ताण फार वाढला की शेपटीतल्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात. त्या वेळी सुटलेल्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने पृथ्वीकडे परत फेकले जातात. म्हणजे हा प्रकाश थेट सूर्याकडून अंगावर येत नाही, आपल्या पाठीमागून येतो. या रेषा ध्रुवावर न उतरता चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यावर उतरतात. उत्तर नॉर्वे, फिनलंडचा लॅपलंड आणि आइसलँड साधारण या कड्याखाली येतात. हेलसिंकी मात्र त्याच्या बरंच दक्षिणेला आहे.

वरून आलेले इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनवर आदळतात, त्याला ऊर्जा देतात आणि तो ती प्रकाशाच्या रूपात सोडतो. हिरवा प्रकाश सोडायला ऑक्सिजनच्या अणूला सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, तांबड्याला मात्र पावणेदोन मिनिटांच्या आसपास. एवढ्या अवधीत दुसरा अणू येऊन आदळला तर ऊर्जा तिथेच संपते. म्हणून तांबडा रंग दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे हवा अतिशय विरळ आहे, तिथेच टिकतो. हिरवा त्याच्या खाली. १० मे २०२४च्या रात्री मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हान्लेहून ध्रुवीय प्रकाश टिपला गेला तो तांबडा होता. इतक्या दुरून क्षितिजावर फक्त पडद्याचा सर्वांत वरचा भाग डोकावत होता. त्याच रात्री उत्सयोकीत आकाश इतकं उजळ होतं की ध्रुवीय प्रकाशाला वावच नव्हता.

तेव्हा गरजा तीन : सूर्याकडून मारा, अंधार आणि निरभ्र आकाश. मारा सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे वरखाली होतो, ते आपल्या हातात नाही. पण वर्षातल्या कुठल्या महिन्यात तो जास्त परिणामकारक ठरतो, हे ठाऊक आहे. विषुवदिनांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चमध्ये, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ठेवण सौरझोताशी जुळायला अनुकूल असते आणि चुंबकीय वादळं तुलनेने अधिक होतात. त्याच महिन्यांत रात्रीही पुरेशा काळोख्या असतात. सप्टेंबरात लॅपलंडची पानं तांबडी-पिवळी होतात, तळी उघडी असतात आणि पडदा पाण्यात दुसऱ्यांदा दिसतो. मार्चमध्ये ढग कमी असतात.

डिसेंबरच्या काचेच्या घुमटातल्या एका महागड्या रात्रीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे : ती घेऊ नका. त्या एका रात्री ढग असण्याची शक्यता मोठी असते. त्याच पैशांत हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे पकडून, साध्या खोलीत चार-पाच रात्री राहता येतं, आणि रात्रींची संख्या हीच इथे खरी पुंजी आहे. फिनिश हवामान संस्थेचा अंदाज पाहून निघा, गावाच्या दिव्यांपासून दूर जा, उत्तरेकडे तोंड करून थांबा. मंद पडदा डोळ्यांना करडट, ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो, कारण अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. मोबाईलचा कॅमेरा त्याच्यावर धरला की तो हिरवा उमटतो. जोरदार प्रकाश मात्र उघड्या डोळ्यांनाही रंगीत दिसतो आणि हलताना दिसतो. छायाचित्रात नेमकी ती हालचाल उतरत नाही.

शरद की वसंत?

शरद सत्राच्या मुलांनी सप्टेंबर वाया घालवू नये. अभ्यासाचा ताण वाढायच्या आत लॅपलंड गाठावं आणि उरलेले शनिवार-रविवार जंगलात काढावेत. फिनलंडमध्ये कोणाच्याही मालकीच्या रानात चालायचा, एखादी रात्र तंबू ठोकायचा, बेरीवर्गातली रानफळं आणि मशरूम वेचायचा हक्क प्रत्येकाला आहे, परदेशी पाहुण्यालाही. घरांच्या अंगणात शिरायचं नाही, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय आग पेटवायची नाही, शेवाळं आणि दगडफूल उपटायचं नाही. सप्टेंबरात तांबडी, आंबट पुओलुक्का पिकलेली असते. मशरूम मात्र जाणकाराशिवाय वेचू नका, तिथल्या काही जाती जीवघेण्या आहेत. याच सत्रात ६ डिसेंबर हा स्वातंत्र्यदिन येतो. त्या संध्याकाळी हेलसिंकीत विद्यार्थी मशाली घेऊन सेनेट चौकापर्यंत मिरवणूक नेतात. १९५१पासूनची ही प्रथा आहे.

निवडीची मुभा असेल तर मी वसंत सत्र घ्यायला सांगेन. काळोखाचा शेवट, गोठलेला समुद्र, मार्चचं आकाश आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त वाढत जाणारा दिवस, हे सगळं पाच महिन्यांत एकापाठोपाठ येतं. आणि शेवटी वाप्पू हा वसंताचा सण. ३० एप्रिलला संध्याकाळी सहा वाजता हेलसिंकीच्या बंदराजवळच्या हाविस अमांदा या पुतळ्याला विद्यार्थी पांढरी टोपी घालतात आणि त्याच क्षणी गर्दीतले हजारो लोक आपापल्या टोप्या चढवतात. प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्यांच्या रंगीत ओव्हरऑलवर वर्षभरातल्या कार्यक्रमांचे कापडी बिल्ले शिवलेले असतात, आणि अनोळखी माणसाशी बोलायला तुमच्याकडे एखादा बिल्ला असणं पुरेसं ठरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगड्या, सिमा या पेयाच्या बाटल्या आणि तिप्पालेइपा हा तळलेला गोड पदार्थ घेऊन सगळे काइवोपुइस्तो बागेत जमतात. पाऊस असला तरी जमतात, एखाद्या वर्षी बर्फ पडला तरीही.